लाकडी कोर्टावरची हळद

नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. "चपला काढा." नगरसेवक असोत, शाळेचे मुख्याध्यापक असोत, स्पर्धेचे प्रमुख पाहुणे असोत, दारात उभी राहून मी सगळ्यांना हेच सांगत आले. आता ते इतकं तोंडात बसलंय की घरी पाहुणा आला तरी आधी तेच निघतं. त्यावर आमचे हे म्हणतात, "अगं, आत ये तरी म्हण आधी."

नवीन पनवेल मागे टाकून सुकापूरकडे निघालं की आमचं क्रीडासंकुल लागतं. बाहेर मोठं मैदान, भोवती धावण्याचा लाल ट्रॅक, एका अंगाला पोहण्याचा तलाव आणि मधे गोल छपराचा इनडोअर हॉल. या हॉलच्या फ्लोअरची मी सुपरवायझर. लोकांना हे काम काय असतं ते कळत नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत समजत होत्या की मी बॅडमिंटन शिकवते. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण "सून लादी सांभाळते" यापेक्षा ते बरं वाटत होतं.

पण मी लादीच सांभाळते, आणि ती साधी नाही. आमचं कोर्ट मेपल लाकडाच्या पट्ट्यांचं आहे. पट्ट्यांखाली रबराच्या गाद्या, त्यांच्यामध्ये हवा खेळायला पोकळी, आणि वर पारदर्शक पॉलिशचा थर. खेळाडू उडी मारून खाली आला की ही जमीन किंचित दबते आणि त्याचे गुडघे वाचवते. म्हणून चांगला खेळाडू लाकडी कोर्टासाठी जीव टाकतो. आता या जमिनीचे वैरी ऐका. पाणी, कारण लाकूड फुगतं, आणि आमच्याकडे खाडी जवळ असल्यामुळे हवाच ओली. उंच टाचा. लोखंड. आणि सर्वांत वाईट म्हणजे धूळ. आमच्या चहूबाजूंना टॉवर उठतायत, दिवसभर डंपर धावतायत. बुटाखाली वाळूचा एक कण जरी आला तरी तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. म्हणून चपला काढा, खेळायचे बूट पिशवीतून आणा, इथे बसून घाला आणि मग आत या. सकाळी फिरून झाल्यावर त्याच बुटांनी बॅडमिंटन खेळायला येणारे एक निवृत्त काका माझ्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते. आता ते इतरांना अडवतात.

माझ्या कामाची आणखी एक खूण सांगते, पुढे ती लागेल. सामन्यात एखादा खेळाडू पडला की सगळा हॉल खेळाडूकडे बघतो. मी जमिनीकडे बघते. जिथे पडला तिथे घाम सांडलेला असतो आणि पुढचा त्यावर घसरून गुडघा मोडून घेऊ शकतो. त्यामुळे माणूस उठतोय न उठतोय तोवर फडकं घेऊन पोचायचं, जागा कोरडी करायची आणि बाजूला व्हायचं. बघणाऱ्याला वाटतं बाई किती निर्दय आहे. पण त्याला उचलायला त्याचे सोबती असतात. जमिनीला कुणीच नसतं.

आमच्या संकुलाच्या पाटीवर 'बहुउद्देशीय' असा शब्द आहे. ऑफिसला तो फार आवडतो. त्या एका शब्दापायी सकाळी बॅडमिंटन, दुपारी बास्केटबॉल, शनिवारी कबड्डीच्या मॅट, आणि मधेच नोकरी मेळावा, शाळेचं गॅदरिंग, कुणाचा तरी सत्कार. गरब्याच्या आयोजकांना तर हा हॉल दरवर्षी हवा असतो, आणि दरवर्षी मी दांडिया लाकडाच्या असल्या तरी जमिनीवर घाव नाचणाऱ्या टाचांचे बसतात, हे समजावत बसते. स्पर्धेच्या उद्घाटनाला कोर्टाच्या बरोबर मध्यावर नारळ फोडायची तर लोकांना केवढी हौस! नारळाचं पाणी मेपलच्या फटीत गेलं की पट्टी धनुष्यासारखी वाकते. नारळ नको म्हणावं तर अपशकुन. शेवटी मी कोर्टाच्या दाराबाहेर एक दगडी पाटा ठेवला. 'नारळ येथे' अशी पाटीही लावली. पाहुणे पहिल्यांदा कपाळाला आठ्या घालतात, पण पाट्यावर नारळ एका फटक्यात फुटतो, त्यामुळे खूश होऊन आत जातात.

तो पाटा हिराबाईंचा. हिराबाई आमच्या सफाईच्या मुख्य. सुकापूरच्याच, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, कमरेला पदर खोचलेला, नाकात चमकी, आवाज मैदानाच्या पलीकडे जाणारा. त्यांच्या मिक्सर घेतलेल्या सुनेने पाटा मागच्या दारी टाकला होता, तो त्या रिक्षात घालून घेऊन आल्या. कोर्टावर त्यांचा माझ्याइतकाच जीव. फक्त माझा जीव पॉलिशवर आणि त्यांचा एकूणच त्या जागेवर. सकाळी पहिलं पाऊल आत टाकताना त्या वाकून जमिनीला हात लावतात आणि तो कपाळाला टेकवतात. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता निकिताची गोष्ट. आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात सिमेंटवर रोज सकाळी काही मुली चाकाच्या खुर्च्यांवर बास्केटबॉल खेळत. कुणी पनवेलची, कुणी उलव्याची, एक थेट पेणहून यायची. त्यांची कॅप्टन निकिता, गव्हाणची. घरची पूर्वी शेती आणि मिठागरात वाटा, आता वडील टेम्पो चालवतात. निकिता शाळेत कबड्डी खेळायची, चढाईला गेली की हात लावून परत आलीच समजा. उरण रोडवर डंपरने तिच्या स्कूटीला ठोकलं आणि कमरेखालची ताकद गेली. हे मला तिने नाही, तिच्या वडिलांनी सांगितलं. तिने सांगितलं ते एवढंच की सिमेंटवर टायर आठवड्यात झिजतो.

मी पहिल्यांदा त्यांचा खेळ बघायला गेले तेव्हा दोन खुर्च्या आदळल्या आणि निकिता खुर्चीसकट कुशीवर पडली. मी धावले आणि तिच्या काखेत हात घातला.

"काकी, हात नको लावू!" ती फिस्कारली. "आमी पडतो, आमीच उठतो. खेलच हाय तो."

तिने एक पंजा जमिनीला टेकवला, दुसऱ्याने चाक पकडलं, अंगाला झोका दिला आणि खुर्चीसकट उभी झाली. पट्ट्याने कमर खुर्चीला बांधलेली असते, म्हणून माणूस आणि खुर्ची एकच. मग माझ्याकडे बघून हसली. मला मात्र लाजल्यासारखं झालं.

त्या मुलींची मागणी साधी होती. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होणार होती. संघटनेने सांगितलं होतं की लाकडी कोर्ट आणि त्यावर आधी सराव देणारं ठिकाण मिळालं तर चाचणी पनवेलला घेऊ, नाही तर विदर्भात. विदर्भात जायचं तर खेळायच्या खुर्च्या, रोजच्या खुर्च्या, बरोबर घरचं माणूस, असा सगळा लवाजमा. निकिताच्या वडिलांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "एवढ्या लांब मी नाय पाठवनार." बाकीच्या घरांतूनही तेच उत्तर. म्हणजे आमचं कोर्ट मिळालं तर त्यांना चाचणी, आणि नाही मिळालं तर ती पार्किंगची जागा कायमची.

आमचे मॅनेजर देसाई साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. पण त्यांना दोन गोष्टींची भीती वाटते, वरिष्ठांच्या फोनची आणि वॉरंटीची. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले.

"शोभा मॅडम, व्हीलचेअर म्हणजे मेटल आहे. फ्लोअरची वॉरंटी व्हॉइड झाली तर मी वर काय तोंड दाखवू?"

"साहेब, टायर रबराचा आहे. आणि फ्लोअरची काळजी तुमच्यापेक्षा मला जास्त आहे, हे तरी तुम्ही मान्य कराल."

ते त्यांनी केलं. माझ्या हट्टाला संकुलात सगळेच ओळखतात. मी मुलींच्या खुर्च्या तपासल्या. पाय ठेवायच्या दांडीचे कोपरे धारदार होते, त्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घट्ट गुंडाळले. काळा डाग सोडणारे टायर बदलायला लावले. उरला प्रश्न धुळीचा. बाकी खेळाडू बूट बदलतात, या मुली खुर्ची कशी बदलणार? मग दाराशी रॅम्पवर चाकं धुवायचं ठरलं. हिराबाई तांब्याने पाणी ओतायच्या, मुलगी चाक फिरवायची, आणि मग कोरड्या फडक्याने पुसून एकेक खुर्ची आत. हिराबाई हे काम इतक्या मानाने करायच्या की मला लग्नघरच्या दाराची आठवण यायची. काही सकाळी देऊन बघू, एवढ्या बोलीवर साहेबांनी परवानगी दिली.

पहिल्या दिवशी निकिता आत आली, चाकाला एक दणका दिला आणि हात सोडून दिले. खुर्ची आवाज न करता अर्धं कोर्ट सरकत गेली. "काकी, लोण्यावरून चालल्यासारखा वाटतंय गो!" ती ओरडली. एवढ्या वर्षांत माझ्या जमिनीची इतकी छान तारीफ कुणी केली नव्हती.

त्यानंतर एका रविवारी हॉलमध्ये एका मोठ्या असामीचा सत्कार झाला. डेकोरेटरचं लोखंडी स्टेज, हजारभर खुर्च्या, पुष्पहार उचलायला क्रेन आणायची भाषा होती ती मी हाणून पाडली. स्टेजखाली प्लायवूड अंथरून घेतलं. कार्यक्रम संपल्यावर साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही निघा आता, आवरायचं मी बघतो." ते त्यांनी कसं बघितलं ते सोमवारी कळलं. मागच्या बाजूच्या पॉलिशवर ओरखडे होते. उजेडाकडे तोंड करून वाकून पाहिलं तरच दिसावेत असे पुसट, पण होते. पारदर्शक थरावरचा पारदर्शक ओरखडा. कुठून निघतो, कुठे जातो, कशाने झाला, काही सांगता येत नाही.

देसाई साहेबांना मात्र सांगता आलं. "मी म्हटलं नव्हतं? व्हीलचेअर!"

"साहेब, काल स्टेज होतं."

"स्टेजखाली प्लाय होतं, तुम्हीच घातलं होतं."

पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि ओरखडे बोलत नाहीत. मुलींचा सराव बंद झाला. फ्लोअर बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला बोलावणं गेलं. त्यांनी येऊन खुर्च्या चालवून बघाव्यात आणि काय तो निर्णय द्यावा, तोच चाचणीबाबतचाही निर्णय. तारीख ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

निकिता मला पार्किंगमध्ये भेटली. "काकी, आमचा काय होईल?"

"मी आहे," मी म्हटलं. माझ्याकडे दुसरं काही म्हणायला नव्हतं, पण म्हणताना मी ठरवून टाकलं होतं की या मुलींना कोर्टावर आणल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. परवानगी नाही मिळाली तर वर अर्ज, वरही नाही झालं तर त्याच्या वर. निवृत्तीला आलेल्या बाईला कोण काय करणार!

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. मैदानावरचा रोलर, गवत कापायचं यंत्र, स्कोअरबोर्ड, माझं फ्लोअर धुवायचं मशीन, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मशीनचं बटण दाबायचं असेल तर आधी कुंकू चुकवावं लागतं. त्या दिवशी मी पूजा करून लवकर घरी गेले, सोनं वाटायला पाहुणे यायचे होते. मागे राहिल्या हिराबाई. मुलींच्या खेळायच्या खुर्च्या आमच्या स्टोअरमध्येच ठेवलेल्या असतात. हिराबाईंच्या मनात आलं की एवढ्या सगळ्या यंत्रांना पूजा मिळाली, मग पोरींच्या खुर्च्यांनी काय पाप केलंय? शिवाय उद्या त्यांची परीक्षा. त्यांनी प्रत्येक खुर्चीच्या दोन्ही चाकांना हळदीची पाच-पाच बोटं ओढली, वर कुंकू लावलं. पाण्यात कालवलेली हळद वाळून उडून जाते, म्हणून त्यांनी ती तेलात कालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर शेख साहेब आले. पनवेलचेच, शांत, हळू बोलणारे, पांढऱ्या दाढीचे. दारात न सांगता बूट काढले, तिथेच माझं त्यांच्याबद्दल चांगलं मत झालं. देसाई साहेब हात मागे बांधून उभे. मुली आत आल्या आणि शेख साहेबांनी सांगितल्याप्रमाणे सुसाट सुटल्या. इकडून तिकडे, तिथून गर्रकन वळून परत, मधेच करकचून ब्रेक.

कोर्ट पिवळं व्हायला लागलं.

आधी ठिपके, मग ठिपक्यांच्या रेघा, मग वळणांवर फराटे. मला क्षणभर काही कळेना. देसाई साहेबांनी डोक्याला हात लावला. "हे काय आहे? मॅडम, हे काय आहे?"

मी निकिताची खुर्ची थांबवून चाकाला बोट लावलं. वास घेतला. हळद!

"हिराबाई, तुम्ही चाकं धुतलीत ना?"

"धुतली तर! चकचकीत धुतली." हिराबाई ठामपणे म्हणाल्या. "हलद तेवढी ठेवली. पूजेची हलद कुनी पुसतो का?"

त्यांनी प्रत्येक चाक हळदीची बोटं सांभाळून, त्यांच्या अवतीभवती धुतलं होतं. आणि मी? मी शेख साहेबांना घ्यायला गेटवर गेले होते. मुलींना वाटलं काकींनाच माहीत असेल.

देसाई साहेबांचा चेहरा बघून हिराबाईंना आपण काय केलं ते उमगलं. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी ओला मॉप उचलला आणि जीव खाऊन पुसायला लागल्या. तेलातली हळद ती. जितकी पुसावी तितकी पसरली. पाहता पाहता रेघांचा एक सबंध पिवळा पडदा झाला, थेट मागच्या दारापर्यंत. हिराबाईंच्या हातून मॉप गळून पडला. "माज्या हातानं पोरींचा वाटोला झाला गो बाय," म्हणून त्या तिथेच रडायला लागल्या. निकिता खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचा हात धरून बसली. तिचाही चेहरा पडलेला होता. मला त्या दोघींकडे बघवेना.

"झालं," देसाई साहेब म्हणाले. "शेख साहेब, मला वाटतं यापुढे काही बघायची गरज नाही."

"गरज आहे," मी म्हटलं. माझा आवाज हॉलमध्ये घुमला. "साहेब, हळद आमची चूक आहे. ओरखडा कुणाचा ते बघायला हे आलेत. ते बघितल्याशिवाय मुली इथून जाणार नाहीत आणि मीही जाणार नाही."

शेख साहेब माझ्याकडे बघून किंचित हसले. "मॅडम, घाई कशाला? तसल्लीनं बघू या की. आधी हे साफ तर करू." त्यांच्या पेटीत तेलकट डाग काढायचं औषध होतं. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून मऊ फडक्यांनी सुरुवात केली. मग हिराबाई डोळे पुसून खाली बसल्या. पाठोपाठ, माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, देसाई साहेबांनीही कोट काढला.

पॉलिशवरची हळद निघत होती. मागे राहत होती ती फक्त पुसट पिवळी झाक. आणि मधेच एका जागी शेख साहेबांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा पुसलं. पुन्हा पुसलं. एक बारीक पिवळी रेघ जाईना.

"सुभानअल्ला," ते पुटपुटले. "मॅडम, इथे बघा. जिथे थर फाटलाय, तिथे हळद आत बसलीय. बाकी ठिकाणी बसलीच नाही."

आम्ही पुसत पुढे सरकलो. रेघही पुढे सरकली. तिच्या शेजारी दुसरी निघाली, तिच्याशी समांतर. जे ओरखडे मी कंबर मोडेपर्यंत वाकून शोधत होते, ते आता कुणी पिवळ्या पेनाने काढून दाखवावेत तसे उमटत होते. दोन्ही रेघा अगदी सरळ, स्टेज होतं त्या जागेच्या कडेपासून निघालेल्या आणि नेमक्या मागच्या दारात संपलेल्या. त्या दारात सत्काराच्या दिवशी डेकोरेटरचा टेम्पो लागला होता.

शेख साहेबांनी निकिताला बोलावलं. "बेटी, खुर्ची यावर आण." तिने आणली. तिची चाकं रेघांच्या बरीच आत राहिली. मग त्यांनी आज मुली जिथे वळल्या होत्या, जिथे करकचून थांबल्या होत्या, त्या जागा एकेक करून पुसल्या. तिथे सगळ्यांत जास्त हळद सांडली होती. पुसल्यावर तिथे एकही रेघ उरली नाही.

देसाई साहेब फडकं हातात घेऊन मागच्या दाराकडे बघत होते. "ओढत नेलं त्यांनी," ते शेवटी म्हणाले. "स्टेज. मी तेव्हा पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो होतो." एवढं कबूल करायलाही मन लागतं. त्यांच्या जागी मी असते तर इतक्या लवकर म्हटलं असतं का, मला खात्री नाही.

मी मात्र वेळ घालवला नाही. "मग साहेब, सराव कधीपासून?"

"मॅडम, जरा श्वास घेऊ द्या."

"घ्या. मग सांगा."

त्यांनी खरंच एक श्वास घेतला. "उद्यापासून. आणि चाचणीचं पत्र आजच पाठवतो. फक्त हिराबाई, प्लीज, पुढच्या दसऱ्याला हार घाला. नुसता हार."

उरलेली झाक घालवायचा उपाय हिराबाईंनीच सांगितला. हळदीच्या साड्या त्या उन्हात टाकतात, तसं कोर्टाला ऊन दाखवायचं. आम्ही पूर्वेचे सगळे पडदे उघडले आणि शेख साहेबांनीही मान डोलावली. काही दिवसांत झाक उडाली. ओरखड्यांतली हळद पुढच्या पॉलिशपर्यंत तशीच राहिली, आणि स्टेजवाला कुणीही आला की मी आधी त्याला तिथे नेऊन उभं करायचे.

चाचणी पनवेललाच झाली. निकाल आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पेणची मुलगी संघात गेली. निकिता गेली नाही. राखीव खेळाडूंत तिचं पहिलं नाव लागलं. मला फार वाईट वाटलं, मी घरी येऊन रडले. ती रडली नाही. "पुढच्या वेलेला," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं धुवायला रॅम्पवर हजर. या वर्षीच्या चाचणीचं पत्र आलंय आणि ती पुन्हा चाकं गरम करतेय. मी तोवर निवृत्त झालेली असेन, पण फडकं घेऊन येणार आहे.

पण त्या चाचणीतली एक गोष्ट राहिली. शेवटचा सामना होता. गॅलरीत गव्हाणची माणसं, सुकापूरची माणसं, वर कोपऱ्यात निकिताचे वडील उभेच. निकिता बॉल घेऊन रिंगकडे सुसाट निघाली, समोरून दुसरी आडवी आली, दोन्ही खुर्च्या धडकल्या आणि निकिता पुढच्या बाजूला तोंडावर आपटली. खुर्ची तिच्या अंगावर. सबंध गॅलरी एका आवाजात ओरडली. तिचे वडील कठड्यावरून अर्धे बाहेर आले. देसाई साहेब "कोणीतरी उचला तिला!" म्हणत उठले. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता.

मी धावले. तिच्या अगदी जवळ पोचले, वाकले, आणि माझे हात आपोआप तिच्याकडे निघाले. आई आहे मीही. तिने मान वळवली. कपाळावरून घामाची धार लागली होती.

"काकी," ती धापा टाकत म्हणाली, "मला नको. खाली बघ."

मी खाली बघितलं. तिच्या छातीखाली, हातांखाली, सगळीकडे घाम. तिने पंजा टेकला, झोका घेतला, पंजा घसरला, पुन्हा टेकला, आणि खुर्चीसकट वर आली. तोवर मी जागा कोरडी केली आणि बाजूला झाले.